सावली तोडायचा दिवस

शकूला घेऊन रोह्याहून निघालो असा धाकट्या दिराचा, जगनचा फोन आला, तेव्हा चंद्रावतीने पहिलं काम कुठलं केलं तर भात चढवला. भांडण होणार हे ठरलेलंच होतं. उपाशीपोटी भांडायची चूक तिने या घरात एकदाच केली होती, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत, आणि तेव्हा सपशेल हरली होती. तेव्हापासून सासरच्या मोकलांपैकी कुणाशी तोंड लावायचं असलं की ती आधी सगळ्यांना पोटभर जेवायला घालते. जेवलेल्या माणसाचा आवाज जरा खाली येतो, असा तिचा अनुभव.

"गो चंद्रे, पोरीचे कपडे भरलेस काय?" पडवीतून धोंडुबाईने हाक दिली.

धोंडुबाई ही चंद्रावतीच्या नवऱ्याची, दत्तात्रेयची आत्या, त्याच्या बापाची धाकटी बहीण. गडब गावी दिलेली. पंचाहत्तरी उलटली, डोळे अधू झाले, पण आवाज अजून असा की हायवेवरच्या ट्रकने बाजू द्यावी. कालच ती जनू रिक्षावाल्याच्या सहा आसनी मिनीडोरमध्ये बसून हमरापूरला आली होती, पिशवीत नारळ घेऊन.

"आईंनी भरले, आत्या. मी हात लावलेला नाय."

"का? तुझे हात मोडलेत?"

"हात भाकरीत हायत," चंद्रावती म्हणाली आणि तिने तव्यावर भाकरी टाकली.

कोपऱ्यात इंदुबाई सुकट निवडत होत्या. दोघींच्या मध्ये सापडलेल्या सासूने करावं तेच त्यांनी केलं. मान खाली घातली.

आता, आमच्या मोकलांत माणूस आजारी पडत नाही. माणूस 'बसतो'. असाच शब्द आहे आमच्याकडे. ताप नाही, खोकला नाही, पण एक दिवस सकाळी माणूस उठतो आणि कामाला न जाता भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि मग बसूनच राहतो. खात नाही, बोलत नाही, पोराने मांडीवर डोकं ठेवलं तरी हात उचलत नाही. दत्तात्रेयचे आजोबा गुणाजी मिठागरात कामाला जायचे, ते असे बसले. त्यांचा मुलगा काळुराम, म्हणजे इंदुबाईंचा नवरा, याने मिठागर सोडून गणपतीचा कारखाना काढला, चांगला चालवला, आणि तोही बसला. बसला तो पावसाळा संपता संपता खाडीवर गेला आणि परत आला नाही. आणि आता होळीपासून दत्तात्रेय.

यावर घरात एक उपाय होता. सावली तोडायची. बसलेल्या माणसाची सावली थोरल्या पोरावर पडते, म्हणून ते पोर उचलून लांबच्या नातेवाइकाकडे ठेवायचं, गावच्या शिवेवर नारळ फोडायचा, आणि बाप उठेपर्यंत दोघांची गाठ पडू द्यायची नाही. गुणाजी बसले तेव्हा आठ वर्षांच्या काळुरामला असाच नेला होता. काळुराम बसला तेव्हा सात वर्षांच्या दत्तात्रेयला निडीला नेला. आणि आता दत्तात्रेयच्या एकुलत्या एका पोरीची, रुचिताची पाळी. जूनला शाळा उघडायच्या आत तिला रोह्याला शकूआत्याकडे पोचवायची असं धोंडुबाईने ठरवलं होतं. इंदुबाईंनी मान डोलावली होती, शकूने आनंदाने होकार दिला होता. चंद्रावतीला कुणी विचारलंच नव्हतं.

*

शकू गाडीत पुढच्या सीटवर बसली होती आणि बोलत सुटली होती. पोरीसाठी वरची खोली रंगवून घेतली. पिवळा रंग. खिडकीतून कुंडलिका नदी दिसते. अभ्यासाचं टेबल आणलं, शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही, आणि नवऱ्याने तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही म्हणून ती त्याला देव मानायची. पण रिकाम्या खोलीला देव काय करणार?

"जगन, तिला रंगपेट्या लागतात ना रे? दादासारखी चित्रं काढते बोलतात."

"व्हय," जगन म्हणाला.

निडीचा फाटा आला. लहानपणी दादाला ठेवलं होतं तेच हे गाव. जगनने उगाच हॉर्न वाजवला.

जगन रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. काळुराम बसला तेव्हा हा अंगावर पिणारा, म्हणून आईपाशी राहिला. इंदुबाईंच्या माहेरच्या माणसांनी लाडाकोडात वाढवला. पोटभर जेवतो, शिफ्ट सुटली की कॅरम खेळतो, बायकोला सिनेमाला नेतो. पण होळीपासून एक किडा त्याच्या डोक्यात शिरला होता. सकाळी जाग आली की तो आधी स्वतःला चाचपून बघायचा, आज उठावंसं वाटतंय ना? वाटायचं. मग तो दात घासायला जायचा. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

"शकू, आपण बरोबर करतोय ना गो?"

"मी काय तिला जंगलात सोडतेय? माझ्या घरी नेतेय. निडीसारखं काय हाय तिथं?"

नागोठणं आलं आणि शकू परत पिवळ्या रंगावर घसरली.

*

कारखाना घराला लागूनच. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. फळ्यांवर फळ्या, त्यांच्यावर गणपती, बरेचसे पांढरेच, थोडे रंगवलेले. कारागीर रविवारचे घरी गेलेले. दत्तात्रेय मागच्या खिडकीपाशी स्टुलावर बसला होता. हमरापुरात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी तर दत्ता मोकलने, असं सगळे म्हणायचे. होळीपासून त्याने ब्रश धरला नव्हता. आखणीला आता बाहेरचा माणूस येत होता.

पण आज तो भिंतीकडे तोंड करून बसला नव्हता, खिडकीकडे बसला होता. जगनला ते कळलं. चंद्रावतीने वहिनीच्या अधिकाराने फोनवर ठणकावून सांगितलं होतं, गोळ्या चालू हायत, पेणच्या डॉक्टरीणबाई बोलल्या वेळ लागतो, उगाच तोंड पाडून येऊ नका.

"दादा, आलो."

"हं."

"रुचीला न्यायला आलोय. शकूकडे नीट राहील."

दत्तात्रेयचा अंगठा तेवढा बोटांवर फिरत होता, पुन्हा पुन्हा. जगनला वाटलं, याला मिठी मारावी. आमच्याकडे भाऊ भावाला मिठी मारत नाही. त्याने दादाच्या खांद्यावर पडलेली प्लास्टरची धूळ झटकली आणि तो जेवायला गेला.

*

जेवणं झाली. तांदळाची भाकरी, भात, वालाचं बिरडं, सुकट, आंब्याचा रस. जनूने सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं. धोंडुबाईला गडबला परत न्यायला तो मिनीडोर घेऊन आला होता आणि चंद्रावतीने त्याला पंगतीतच बसवला होता. तसा तो घरचाच. निडीला ज्या काकाकडे दत्तात्रेयला ठेवला होता, त्या काकाच्या गुरांमागे हा पोरका जनू होता. दोघं एकाच गोठ्यात झोपायचे.

हात धुऊन होतात न होतात तोच धोंडुबाई उठली. रुचिता दाराशी नवीन फ्रॉक घालून उभी होती. आठ वर्षांची, बापासारखी लांब बोटं, आईसारखी हनुवटी. म्हातारीने तिला हाताला धरून अंगणापलीकडे जगनच्या गाडीत नेऊन बसवली, वाकून तिच्याशी काहीतरी बोलली, आणि दार लावून परत आली.

"चला. ऊन उतरायच्या आत शिवेवर नारळ फोडू."

"बसा, आत्या," चंद्रावती म्हणाली. "सगळे जेवलेत ना? मग आता ऐका. रुची कुठं जाणार नाय."

"ती गाडीत बसली पण!"

"बसलेल्या माणसाला उतरवता येतं."

जनूला हसू आलं. ते त्याने सुपारीत दाबलं.

"तुझं लग्न होऊन तू आलीस ह्या घरात," धोंडुबाई कडाडली, "तुला काय ठाव? मी बाप बसलेला बघितला, भाऊ बसलेला बघितला. रक्तातच हाय हे. साचा तसा गणपती निघतो. काळूचा दत्ता, दत्ताची ही. लांब नेली तर वाचेल."

"साच्याचं म्हणता? मग हे जगनभाऊजी कुठल्या साच्यातले? त्याच ना? हे का नाय बसले?"

जगनच्या हातातली बडीशेप खाली पडली.

"तो धाकला. सावली थोरल्यावर जाते."

"सावलीला कुणी मोजून दिलं थोरला कोण, धाकला कोण? आत्या, ह्याच कारखान्यात एका साच्यातून शाडूचे पन्नास निघतात. सावलीत वाळवले ते धड राहतात. घाईने उन्हात ठेवला त्याला चीर पडते. साचा तोच, माती तीच. खरं का खोटं?"

"माणूस काय माती हाय?" धोंडुबाई म्हणाली.

"नाय ना? मग साचा कशाला काढलात तुम्ही?"

जगन मध्ये पडला. त्याला भांडण नको होतं आणि त्याला खरं म्हणजे उत्तर हवं होतं. "वैनी, पण ते रक्तात नाय असं तरी कसं म्हणायचं? आजोबा, बाबा, दादा. तिघं."

"मी कुठं म्हणते नाय? डॉक्टरीणबाईंना मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या बोलल्या, घराण्यात असतं हे, खोटं नाय. पण घराण्यात असलं म्हणून प्रत्येक जण बसेल असं नाय. आणि लहानपणी हाल झाले म्हणून बी प्रत्येक जण बसेल असं नाय. दोन्ही एकाच पोराच्या वाट्याला आली, का धोका वाढतो. मग त्यांनी ह्यांना विचारलं, लहानपण कुठं गेलं तुमचं? हे होळीपासून कुणाशी बोलले नव्हते. तिथं बोलले. निडी, एवढंच बोलले. आणि रडले."

इंदुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"निडीचं मला विचारा," जनू म्हणाला. तो जरा पुढे सरकला. "म्हातारा तुमचा नातेवाईक, मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, पण हरामखोर होता. हा बघा हात. अजून वाकडा हाय. एक वासरू सुटलं म्हणून मोडला. दत्ताने मार खाल्ला तेवढाच मी बी खाल्ला. कमी नाय, जास्ती नाय, वाटून खायचो आम्ही. पण मी अंथरुणावर पडलो का घोरतो. माझी बायको शेजारी जाऊन झोपते. आणि हा एवढा गुणाचा माणूस, ह्याला झोप नाय. मला कधी कळलंच नाय, असं का."

"तुझ्या घराण्यात कुणी बसलं होतं?" चंद्रावतीने विचारलं.

"आमच्या घराण्यात बसायला सवड कुणाला होती? नाय. बाप दारू पिऊन मेला, पण हसत मेला."

"बघा. जनूभाऊंनी मार खाल्ला, रक्तात नाय. जगनभाऊजींच्या रक्तात हाय, मार नाय. ह्यांच्या वाट्याला दोन्ही."

"वैनी, तीन माणसांवरून काय सिद्ध होत नाय," जगन म्हणाला. कंपनीत तो क्वालिटीचे रिपोर्ट बघायचा, त्याला ते पटेना. "आमच्याकडे तीन नमुन्यांवर लॉट पास केला तर साहेब घरी पाठवेल."

"डॉक्टरीणबाई बी तेच बोलल्या. ह्याचं पक्कं गणित अजून कुणाला मांडता आलेलं नाय, बोलल्या. मी पण सिद्ध करायला नाय बसले, भाऊजी. मी एवढंच बघते का माझ्या हातात काय हाय. रक्त माझ्या हातात नाय. ते तुम्ही मोकलांनी दिलं ते दिलं. दुसरं जे हाय, पोरीचं लहानपण, ते माझ्या हातात हाय. ते मी सोडणार नाय."

जगनने तिच्याकडे बघितलं आणि होळीपासून पहिल्यांदा त्याची छाती मोकळी झाली. वहिनी पोरीसाठी बोलत होती, पण त्याला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. "आते, वैनीचं ऐकूया," तो म्हणाला.

"तू पण?" धोंडुबाई म्हणाली.

आणि इथे चंद्रावती जिंकलीच असती, जर शकू बोलली नसती.

"मग माझं घर निडी हाय का, वैनी?"

ती मोठ्याने बोललीच नाही. तिचे डोळे भरले होते. "सांगा ना. मी तिला मारणार हाय? गोठ्यात झोपवणार हाय? माझ्याकडे तिला सगळं मिळेल. इथं काय बघते ती? बाप जेवत नाय, बोलत नाय. तुम्ही कारखाना बघता, दादाला बघता, तिच्याकडे बघायला तुम्हाला वेळ कुठं हाय? लहानपण बोलता. ह्या घरातलं हे लहानपण चांगलं, आणि माझ्याकडचं वाईट? मला मूल नाय म्हणून मला कळत नाय, असंच ना?"

नणंदेशी भांडायचे सगळे मुद्दे चंद्रावतीने रात्रभर घोकले होते. हा त्यांत नव्हता. शकू वाईट बाई नव्हती. तिच्याकडे पोर सुखात राहील, हे चंद्रावतीलाही माहीत होतं.

मग इंदुबाई बोलल्या, इतक्या वेळात पहिल्यांदा. "चंद्रे, जाऊ दे तिला. शकू मायेने करेल. मी खरं सांगू? मला भ्या वाटतं. उद्या दत्ताने काय वेडंवाकडं केलं तर? तिच्या डोळ्यांदेखत? माझ्या नवऱ्याला शोधायला मी खाडीवर गेले होते. मी मोठी होते तरी मला झेपलं नाय. तिने ते बघू नये."

चंद्रावतीलाही तीच भीती होती. ती रोज पहाटे नवऱ्याचा श्वास ऐकत पडायची. आपण हट्ट करतोय का, असं तिला वाटून गेलं. पोरीला घट्ट धरून ठेवायचं ते पोरीसाठी की आपल्यासाठी? ती हरत होती आणि तिला ते कळत होतं.

"मला निडीचा मार आठवत नाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. कारखान्याच्या दारात दत्तात्रेय उभा होता. एक हात चौकटीला धरून.

"खरंच आठवत नाय," तो म्हणाला. शब्द एकेक करून येत होते, पाणी शेंदून काढावं तसे. "जनू सांगतो तेव्हा आठवतं. काका मेला तेव्हा मी खांदा दिला. राग नाय. शकू, तुझं घर निडी नाय, बाय. ते मला ठाव हाय."

"दादा, तू बस आधी," शकू उठली.

"उभा राहतो. बसून झालंय." त्याने धोंडुबाईकडे बघितलं. "आते, शीव आठवते मला. तू नारळ फोडलास. मला बोललीस, सरळ चालायचं. मागं बघायचं नाय. बघितलंस तर बाप मरेल."

धोंडुबाईने नारळाची पिशवी खाली ठेवली.

"मी बघितलं," दत्तात्रेय म्हणाला. "मागून कुणीतरी येतंय असं वाटलं म्हणून बघितलं. बाबा होता. बसलेला माणूस मला सोडायला उठून आला होता, लेंगा सावरत, चपला नायत. मी त्याला बघितलं, आणि त्याने मला बघितलं. मग काकाने मला ओढलं. पुढं कापणीच्या आधी बाबा गेला. निडीला निरोप आला. मी कुणाला विचारलं नाय कसा गेला. मला ठाव होतं कशाने गेला."

"दत्ता..." इंदुबाई म्हणाल्या.

"आता कळतं, आई. असं काय नसतं. एवढा घोडा झालो, कळणार नाय का? पण आतलं ते पोर हाय ना, त्याला काय केल्या पटत नाय. ते अजून तिथंच शिवेवर उभं हाय."

धोंडुबाईचा हात हवेत काहीतरी शोधत होता. जनूने तिला धरून खाली बसवली. तिचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"अरे, ते पोर चालावं म्हणून बोलायचं असतं," ती म्हणाली. "पोरं रडतात, मागं पळतात. म्हणून बोलायचं. माझ्या आजीने काळूला तेच सांगितलेलं. मी बघितलं होतं. एकदम गप झाला होता, शहाण्यासारखा चालत गेला. मला वाटलं, चांगली युक्ती हाय."

इंदुबाई एकदम ताठ झाल्या. "काळूला बी सांगितलं होतं?"

"व्हय गो."

"म्हणून!" इंदुबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हणून ते कधी मागं वळायचे नायत. पेणच्या बाजारात हाक मारली तर जागच्या जागी उभे राहायचे, मी चालत पुढं जाईपर्यंत. पण वळायचे नायत. मी जन्मभर बोलले, माणूस गर्विष्ठ हाय. अरे देवा. मी भांडले त्यांच्याशी त्याच्यावरून."

त्या रडायला लागल्या. नवऱ्याच्या मरणावर जेवढ्या रडल्या नव्हत्या तेवढ्या रडल्या. शकूने त्यांना जवळ घेतलं, आणि ती स्वतःही रडत होती.

"मीच केलं का गो हे सगळं?" धोंडुबाई स्वतःशीच म्हणाली. "भावाचं, ह्या पोराचं. वाचवायला गेले मी."

"तुला बी कुणी सांगितलं नव्हतं, आते," दत्तात्रेय म्हणाला.

चंद्रावतीला त्याला धरावंसं वाटत होतं, पण ती जागची हलली नाही. तो स्वतःच्या पायांवर उभा होता. तिला काय वाटत होतं सांगू? रडू येत होतं आणि अभिमान वाटत होता. होळीपासून हा माणूस एका शब्दाला महाग होता, आणि बोलला तो पोरीसाठी बोलला.

शकूने डोळे पुसले. ती मोकलांची पोर, रडत बसणारी नव्हे. "वैनी, मी तिला नाय नेत. मी येते. दर शनिवारी येते, सोमवारी सकाळी जाते. नवऱ्याला सांगते, जेवण करायला शिक. तुम्ही कारखाना बघा, मी पोरीचा अभ्यास बघते. दिवाळीत सगळ्यांनी माझ्याकडे यायचं. दादाने पण. पिवळ्या खोलीत झोपायचं."

"शनिवारची गाडी माझी," जनू म्हणाला. "भाडं नाय, जेवण द्या."

"वैनी, दादाच्या गोळ्यांना, डॉक्टरला मी येत जाईन," जगन म्हणाला. "आणि मी पण एकदा त्या बाईंना भेटतो. सहज."

चंद्रावतीने त्याच्याकडे नीट बघितलं. "भेटा की. सहज."

मग शकूच्या लक्षात आलं. तिने अंगणापलीकडे बघितलं. मेच्या उन्हात गाडी उभी होती, काचा खाली, आणि पुढच्या सीटवर रुचिता बसली होती. पाठमोरी. शकू अंगणाच्या टोकाला जाऊन ओरडली, "रुचे! ये गो बाय घरात! नाय जायचं!"

पोर हलली नाही.

"रुचे!" चंद्रावतीने हाक मारली. आईची हाक. पोरीची मान कडक ताठ. वेण्यासुद्धा हलेनात.

शकू मागे वळली. "आते, तू गाडीत तिला काय बोललीस?"

धोंडुबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. कुणी उत्तराची वाट बघितली नाही. चंद्रावती धावायला निघाली, पण दत्तात्रेयने तिला हाताने अडवली.

"मी जातो."

तो अंगण उतरला. उन्हाची सवय मोडली होती, डोळ्यांवर हात धरून चालत होता. चपला घालायच्या राहिल्या होत्या आणि फुफाट्याने पाय भाजत असणार, पण तो सावकाशच गेला. गाडीच्या मागून न जाता लांबून वळसा घालून गेला, आणि पुढे येऊन बॉनेटपाशी उभा राहिला. तिला समोर दिसेल असा.

रुचिताने डोळे गच्च मिटले होते. ती घामाने निथळत होती.

"रुचे. डोळे उघड. मी पुढं हाय."

तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. "पप्पा, मी मागं नाय बघितलं," ती म्हणाली. "आईने हाक मारली ना, तरी नाय बघितलं."

"ठाव हाय मला." त्याने दार उघडलं आणि खाली उकिडवा बसला. "आता बघ."

"नको!"

"बघ गो. मी इथंच बसतो. माझा हात धर आणि बघ."

तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळलं. मग मान वळवली. अंगणात सगळे उभे होते, आई, आत्या, दोन्ही आज्या, काका, जनू. ती झटकन परत फिरली आणि बापाच्या तोंडाकडे बघितलं.

"हायस?"

"हाय."

तिने विचार केला. पकड सोडली नाही.

"परत बघू?"

"बघ," दत्तात्रेय म्हणाला, आणि तिने परत मागे बघितलं.